आमची आई खमकी हाय

हिर्डोशीच्या धनाजीला लबाड म्हणालात तर गावातलं कुणी ऐकून घेणार नाही, आणि त्याच्या शब्दावर विसंबून बसलात तर तेच गाव तुम्हाला हसेल. असा हा गडी. वडापची, म्हणजे माणसं भरभरून नेणारी जीप चालवतो. भोरच्या एस.टी. स्टँडाबाहेर त्याची गाडी लागते, आणि तिथनं धरणाच्या कडेकडेनं वर हिर्डोशीपर्यंत जाते. एस.टी. आहे म्हणायला, पण ती कधी येणार हे खुद्द एस.टी.लाही ठाऊक नसतं. म्हणून मग धनाजी. त्याच्यावाचून त्या खोऱ्याचं पान हलत नाही, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक आहे.

वडापच्या धंद्याची एक रीत असते. गाडी भरल्याशिवाय सोडायची नाही, आणि भरायची तर आत चार माणसं बसलेली दिसायला पाहिजेत. रिकाम्या गाडीत कोण मरायला चढतंय? तेव्हा पहिली येतात ती चार माणसं धनाजीच्या लेखी पाशिंजर नव्हेतच, ती दुकानाची पाटी. "चला चला, निघालीच! बसा मावशी, निघालीच!" असं ओरडून त्यांना आत घालायचं. कुणी कुरकुर केली की चावी फिरवून गाडी गुरगुरू द्यायची. तेवढ्यानं भागलं नाही तर दोन हात पुढं घ्यायची आणि गुपचूप पुन्हा मागं. आतल्यांना वाटतं, सुटली बाई एकदाची! कुठली सुटतेय. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे बसलेला माणूस उठू द्यायचा नाही. एक उठला की दुसऱ्याच्या बुडाला काटे टोचायला लागतात, आणि भरत आलेली गाडी बघता बघता रिकामी होते. एखादी बाई म्हणाली, "आलेच रं जरा," की धनाजी तोंडभर हसून म्हणणार, "ये की. पर गाडी सुटली तर माज्या नावानं बोंबलू नगंस." बाई बसायची. कोण उठतंय?

यात काही वावगं आहे असं त्याला कधी वाटलं नाही. सगळेच करतात. शिवाय माणूस मनानं वाईट नाही हो. अडल्यानडल्याला दवाखान्यात नेईल, कुणाच्या घरी मयत झालं तर गाडी सोडून खांद्याला येईल. आई म्हणजे तर त्याचा जीव की प्राण. धोंडाबाई म्हातारी, नऊवारी लुगडं, कपाळाला गोंदण, नाचणीच्या भाकरीसारखी काळी आणि खरखरीत, पण बोलायला लागली की खोकून खोकून हसायची. दीर गेले, जावा गेल्या, नवरा गेला. तिचं सगळं आता धना आणि वैष्णवी.

वैष्णवी म्हणजे धनाजीची धाकटी बहीण. नवऱ्याच्या नोकरीपायी ती नागपूरला असते. यंदाच्या मे महिन्यात तिच्या लेकाचं बारसं ठरलं, आणि जावयानं मोबाईलवर विमानाची तिकिटं पाठवली. सासूबाईंना रेल्वेचा त्रास नको म्हणे! झालं. धनाजीनं ती तिकिटं निम्म्या भोरला दाखवली. चहाच्या गाड्यावर दाखवली, पंक्चरवाल्याला दाखवली, आणि पुढच्या फेरीला गाडीत बसलेल्या पाशिंजरांना तर गाडी भरेपर्यंत दाखवली. आईला विमानात बसवणारा हिर्डोशीतला पहिला लेक आपण! छाती अशी वर आली होती की शर्टाची बटणं तुटायची बाकी.

निघायच्या दिवशी धोंडाबाई पहाटेच तयार होती. बाळंतविड्याची पिशवी तिनं कुणाच्या हाती दिली नाही. आत झबली, टोपडी, डिंकाचे लाडू आणि लेकीच्या ओटीचं नवं पातळ. पुण्याच्या विमानतळावर पोचल्यावर मात्र म्हातारी बावरली. धनाजी म्हणाला, "आये, च्या घे. पानी पी पोटभर. ही काय आपली जीप न्हाई, इमान मिनिटाला सुटतंय." म्हातारीनं लेकाचं ऐकलं. कधी नव्हे तो कागदी पेल्यातला चहा प्याली, वर बाटलीभर पाणी प्याली.

विमानात खिडकी आईला, मधली जागा धनाजीला, आणि कडेला मांडीवर कॉम्प्युटर उघडून बसलेला एक साहेब. हवाई सुंदरी मराठीच निघाली. छातीवरच्या पट्टीवर शेफाली असं नाव होतं. तिनं धोंडाबाईचा पट्टा बांधला, बाळंतविड्याची पिशवी पुढच्या खुर्चीखाली सरकवली आणि म्हणाली, "आजी, पहिल्यांदा ना? घाबरायचं नाही हं." धोंडाबाई लाजून हसली. धनाजीला वाटलं, जिंकलं आपण आज.

दार लागलं. विमान हललं, थोडं पुढं गेलं आणि थांबलं. मग कुणीतरी वरून बोललं की नागपूरला वादळ आहे, परवानगी आली की लगेच निघू. दहा मिनिटं.

दहा मिनिटं! धनाजीला खदाखदा हसू फुटलं. आपल्याच जातकुळीतली माणसं ही! ती दहा मिनिटं सरली, मग आणखी दहा आली, मग तीही सरली. इंजिन गुरगुरलं आणि गप्प झालं. विमान जरासं पुढं सरकलं आणि पुन्हा उभं. "बगितलंस आये," तो आईच्या कानाशी म्हणाला, "हे बी दोन हात पुढं घ्यायलेत." आणि एकटाच हसला. बाहेर उन्हानं सिमिट नुसतं भाजत होतं. आत वारा मंद झाला, लोक वर्तमानपत्रानं वारं घ्यायला लागले, मागं कुठंतरी तान्हं पोर रडायला लागलं.

तेव्हा धोंडाबाईनं पहिल्यांदा विचारलं, "धना, हितं बाहेर जायाची काय सोय अस्ती का रं?"

"हाय की. मागं हाय," धनाजी म्हणाला. "लागलीया व्हय?"

"जरा."

आता उठायला काय हरकत होती? काही नाही. बाकीचे जातच होते. पण धनाजीनं कडेच्या साहेबाकडं पाहिलं. साहेबानं डोळे मिटले होते, कानात बोळे घातले होते. त्याला हलवायचं, आईला धरून त्या चिंचोळ्या वाटेनं सगळ्यांच्या नजरेसमोरनं न्यायचं, तिला तो दरवाजा उघडायचा कसा ते सांगायचं, आत कसं बसायचं ते एका परक्या पोरीला सांगायला लावायचं. आणि नेमकं तेवढ्यात विमान सुटलं तर? गाडी सुटायच्या बेताला उठणारा पाशिंजर त्याच्या डोक्यात जायचा, आणि आज तसला पाशिंजर आपणच व्हायचं? त्याला ते पटेना. "थोडा दम धर," तो म्हणाला. "आता निघंलच. वर गेल्यावं जाऊ." म्हातारीनं मान हलवली.

मग पुढं एका माणसानं आवाज चढवला. आम्हाला कोंडून ठेवलंय, दार उघडा, उतरवा. त्याच्या मागं आणखी दोघं-तिघं. शेफाली बिचारी हात जोडत होती. आणि आमचा धनाजी! त्याला कुणी विचारलं होतं का? पण राहवलं नाही. उभा राहून म्हणाला, "ओ दादा, तिच्यावं कशाला आरडताय? डायवरच्या हातात काय नसतंय ह्यात. म्या बी गाडी चालवतो. उठला म्हंजी आणिक उशीर. बसा गुमान, निघालीच म्हणा." काही लोक हसले. आरडणारा माणूस तोंडातल्या तोंडात पुटपुटत बसला. शेफालीनं धनाजीकडं असं पाहिलं की त्याला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. विमानाचा कारभार थोडा आपल्याही हाती आला, असंच म्हणा ना.

धोंडाबाईनं त्याच्या बाहीला हात लावला. "धना."

"आता नगं आये," तो हळूच म्हणाला. "आत्ताच म्या सगळ्यास्नी बसा म्हनलंय. आन आपुनच उठायचं व्हय?"

आईनं दोन्ही हात मांडीवर आवळून धरले.

थोड्या वेळानं शेफाली पाण्याचे पेले घेऊन आली. कडेच्या साहेबानं एक घेतला, धनाजीनं एक घेतला. धोंडाबाईनं मानेनंच नको म्हटलं. शेफाली वाकून म्हणाली, "काका, आजींना टॉयलेटला जायचं असेल तर मी नेते. बराच वेळ झालाय. मी हात धरून नेईन, काळजी करू नका."

इथं, ऐका. याच्याहून सोपं काय असतं? पोरगी हात पुढं करून उभी. साहेब जागा. त्यानं पायसुद्धा आत घेतले होते. आणि धनाजी काय म्हणाला असेल? चांगला मोठ्यानं, पुढच्या-मागच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "न्हाई न्हाई, तिला काय लागत न्हाई. आमची आई खमकी हाय. हिर्डोशीवरनं भोरला चालत जायाची एका दमात!"

लोक कौतुकानं हसले. शेफालीही हसली. तिनं एकदा धोंडाबाईच्या तोंडाकडं पाहिलं. आता म्हातारीनं काय म्हणायचं? चार लोकांत लेकानं आपली थोरवी सांगितली, ती खोटी पाडायची? तिनं पदर कपाळावर ओढला आणि खिडकीकडं तोंड केलं. शेफाली पुढं गेली.

त्यानंतर आईनं काही विचारलं नाही. धनाजीला वाटलं, जिरलं असंल. तो साहेबाशी बोलायला लागला. वरंधा घाटात धुकं पडलं की गाडी कशी काढायची, दरड कोसळते तेव्हा काय करायचं, काय काय सांगत होता. साहेब कंटाळून हं हं करत होता.

एकाएकी धोंडाबाई पुढं वाकली. पट्टा पोटात रुतत असताना तिनं हात लांब करून पुढच्या खुर्चीखालची बाळंतविड्याची पिशवी ओढली आणि उचलून छातीशी धरली. छातीशीसुद्धा नव्हे, पार गळ्याशी, उंच.

"निघायचंय म्हून घेतलीस व्हय?" धनाजी हसत म्हणाला. "ठिव खाली, पुन्ना ठिवायला लावत्याल."

आई खिडकीबाहेर पाहत होती. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, नुसतं भाजलेलं सिमिट आणि लांबवर एक पिवळी गाडी. मग धनाजीच्या मांडीला, जिथं आईचं लुगडं लागत होतं तिथं, ऊन ऊन लागलं.

त्याला कळलं. पिशवी वर का धरली तेही कळलं. नातवाची झबली भिजू नयेत.

आणि पहिली गोष्ट त्यानं काय केली? सांगायला जीभ अडखळते. त्यानं आईकडं पाहिलं नाही. कडेच्या साहेबाच्या लक्षात आलं का, ते पाहिलं. पुढं पाहिलं, मागं पाहिलं. आपली मांडी हळूच बाजूला घेतली. आपल्या आईपासून! ज्या बाईनं याचे लहानपणी रात्रीत दहा वेळा धडपे बदलले, त्या बाईच्या लुगड्यापासून या वाघानं मांडी चोरली. ते त्याचं त्यालाच दिसलं, आणि तिथं कुणी जमीन फाडून दिली असती तर तो उतरला असता.

तेवढ्यात वरून आवाज आला. हे विमान आज सुटत नाही, माघारी नेतो, सगळ्यांनी उतरायचं, दुसरं विमान संध्याकाळी.

विमान माघारी येऊन लागलं तसे लोक उठले, पिशव्या ओढल्या, एकच कल्ला. धनाजी आणि धोंडाबाई मात्र बसून राहिले. साहेबाला वास आला असावा. त्यानं एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. भला माणूस. विमान रिकामं झालं तेव्हा शेफाली आली. तिला सांगावं लागलं नाही. ती एक चादर घेऊन आली, धनाजीला म्हणाली, "काका, जरा बाहेर या," आणि आत सरून धोंडाबाईच्या खांद्यावर हात ठेवला.

"पानी सांडलं गं बाई माज्या हातनं," धोंडाबाई म्हणाली. "म्हातारे हात. वाईट वाटून घिऊ नगंस."

"हो आजी. होतं असं," शेफाली म्हणाली.

पेला तर म्हातारीनं घेतलाच नव्हता. तिघांनाही ते ठाऊक होतं.

शेफाली तिला मागं घेऊन गेली. तिला आत सोडून परत आल्यावर ती धनाजीजवळ थांबली. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, "मी विचारलं होतं ना काका तुम्हाला."

वडापवाला, ज्याच्या तोंडाला कधी खीळ बसली नाही, तो बाजूच्या खुर्चीचं कापड नखानं खरवडत उभा राहिला.

आई बाहेर आली तेव्हा तिनं लुगड्याचे सोगे धुवून पिळले होते. ओलं लुगडं पोटऱ्यांना चिकटलं होतं. धनाजी म्हणाला, "आये, ते नवं पातळ हाय की पिशवीत. त्ये नेस."

"येडा का काय तू? लेकीच्या ओटीचं पातळ म्या नेसू? वाळंल ह्ये." आणि वर म्हणाली, "तू नगं मनाला लावून घिऊ. म्याच बावळी."

म्याच बावळी! त्यानं शिव्या खाल्ल्या असत्या, पायातली वहाण खाल्ली असती. संध्याकाळपर्यंत विमानतळावरच्या त्या गार हवेत म्हातारी ओल्या लुगड्यानं बसली आणि धनाजी तिच्या शेजारी बसून राहिला. त्यानं तिला पुन्हा पाणी विचारलं, चहा विचारला. "नगं," ती म्हणाली. दर वेळी तेवढंच.

नागपूरला बारसं थाटात झालं. वैष्णवीच्या सासरच्या बाया धोंडाबाईभोवती जमल्या. विमान कसं वाटलं हो? आणि धोंडाबाईनं काय रंगवून सांगितलं म्हणता! ढग कसे पिंजलेल्या कापसागत, खालची गावं कशी खेळण्यातली. "माज्या धनानं मला खिडकी दिली," ती म्हणाली. "पाण्यापासनं समदं इचारीत हुता." बाया म्हणाल्या, असा मुलगा हवा. धनाजी उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. वैष्णवी म्हणाली, दादाला उन्हानं त्रास झालाय.

गावी परत आल्यावर तीच कथा हिर्डोशीत. पारावर, विहिरीवर, देवळात. धनाजीनं आपल्या तोंडानं विमानाचं नाव काढलं नाही. ज्यानं तिकिटं निम्म्या भोरला दाखवली होती, तो आता कुणी विचारलं की क्लचचं काहीतरी काम काढून गाडीखाली शिरायचा. आईच्या तोंडाकडं बघून बोलणं त्याला जमेना. ती नेहमीसारखी होती, हसायची, खोकायची, त्यानं तो आणखीच खचत होता.

मग त्यानं मनाशी ठरवलं. बाजाराच्या दिवशी गावातल्या बाया भोरला निघाल्या. त्यांच्यात धोंडाबाई होती, तिची मैत्रीण रतनबाई होती. गाडी अर्धीच भरली होती, तरी त्यानं सोडली. बायांना नवल वाटलं. निम्म्या वाटेवर धरणाच्या कडेला एक हॉटेल आहे, तिथं बायांसाठी चांगली स्वच्छ सोय आहे. धनाजीनं कुणी न सांगता गाडी बाजूला घेतली, उतरला, मागचं दार उघडलं.

"ज्येला जायाचं त्येनं जाऊन या," तो म्हणाला. त्याचं तोंड लाल झालं होतं. "सावकाश या. म्या थांबतो. कितीबी येळ."

कुणी हललं नाही. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.

"जावा की. म्या काय बोलनार न्हाई."

रतनबाई फिदीफिदी हसली. म्हणाली, "आरं बाबा, आमाला कुठलं जायचं? तुज्या गाडीत बसायचं म्हनलं की आमी बाया रातीपासनं पानी तोंडात घेत न्हाई. च्या न्हाई, ताक न्हाई, काय न्हाई. तुला इतक्या वर्सांत ठावंच न्हाई व्हय?"

बाकीच्या बाया हसल्या. कुणीतरी म्हणाली, माझी सून पोटुशी होती तेव्हा तिलाही मी असंच आणायची. कुणी म्हणाली, एकदा डोळ्यापुढं अंधारी आली होती भोरच्या स्टँडावर. सगळं हसत हसत. कुणाच्या बोलण्यात राग नव्हता. सवयच ती.

धनाजीनं पुढच्या सीटवरच्या आईकडं पाहिलं. "आये, तू बी?"

"मंग?" धोंडाबाई म्हणाली. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. "लेकाची गाडी म्हून मला का येगळं प्वाट हाय?"

बाया पुन्हा हसल्या, धोंडाबाईही खोकत खोकत हसली. धनाजी दाराची कडी धरून खाली उभा होता. त्याला हसता येईना, आणि वर चढून गाडीही सुरू करता येईना.